सेंट जॉर्ज : भाला आणि नकार

सेंट जॉर्ज म्हटले की घोडा, भाला आणि तडफडणारा ड्रॅगन डोळ्यांपुढे येतो. पण ही कथा त्याला ११व्या शतकाच्या सुमारास चिकटली. मूळ परंपरेतला जॉर्ज हा रोमन सैनिक. डायोक्लेशियन बादशहाच्या अमदानीत त्याने धर्म सोडण्यास नकार दिला व मरण पत्करले. लोकांना मात्र डोळ्यांना दिसणारा शत्रू हवा असतो. लोककथेने तो पुरविला. दोनातेल्लोने सुमारे १४१५-१७ मध्ये फ्लॉरेन्सच्या चिलखतकारांसाठी जॉर्जचा संगमरवरी पुतळा घडविला. त्यात ड्रॅगन पायथ्याच्या छोट्या शिल्पपटात आहे. वर ढाल टेकवून उभा आहे तो निश्चयी तरुण. माझ्या मते खरा संत तोच. ड्रॅगनला मारायला बळ पुरते. बादशहाला ‘नाही’ म्हणायला त्याहून मोठे धैर्य लागते.