ओट्यामागची शहाबादी

रमजानच्या आधी घराला रंग काढला, तेव्हा ओट्यामागच्या शहाबादी फरशीवरही आम्ही हात फिरवून घेतला. २० वर्षांच्या फोडण्यांनी ती काळवंडली होती. अम्मी म्हणाल्या, "दगड आहे तो, रंग धरणार नाही." आम्ही शिकलेली माणसे, ऐकले नाही. सरळ ऑइलपेंट मारला. आठवडाभर स्वयंपाकघर उजळले. मग शेगडीमागे फुगे आले आणि एका इफ्तारीला भज्यांच्या पिठात पांढरा पोपडा निघाला.

शहाबादी हा चुनखडीचा दगड. तेलही पितो, ओलही. तुम्ही रंगवणार असाल तर आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने चिकटपणा जाईपर्यंत घासा, तीन-चार दिवस वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर आणि इपॉक्सी रंग, खिडक्या उघड्या ठेवून. लिंबू किंवा ॲसिड लावू नका, ते दगड खाते. ओट्याच्या कडप्प्याला तर रंग नकोच. तिथे गरम पातेली टेकतात, सुरी चालते.

ईदनंतर सगळे खरवडून आम्ही पुन्हा नीट रंगवले. शेगडीमागची एक रांग तेवढी उघडी ठेवली. अम्मी ती रोज पुसतात, आमच्याकडे न बघता.