काँक्रीट टिकते, पण आपोआप नव्हे!

मुंबईतील सुमारे ४०० किलोमीटर रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याच्या, सुमारे ६,१०० कोटी रुपयांच्या कामाचा शुभारंभ जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाला. दर पावसाळ्यात खड्ड्यांनी गांजलेल्या नागरिकांनी त्याचे स्वागत करावे, हे स्वाभाविकच होते. मात्र या स्वागतासोबत एक भ्रमही रुजला आहे. काँक्रीटचा रस्ता एकदा झाला की तीस वर्षे त्याकडे पाहावे लागत नाही, असे सर्रास बोलले जाते. हा भ्रम वेळीच दूर झाला नाही, तर आज ओतलेला पैसा पुढच्या पिढीला पुन्हा ओतावा लागेल.

काँक्रीटच्या रस्त्याचे आयुष्य साधारण तीस वर्षे धरून त्याची आखणी होते, हे खरे. पण हे आयुष्य काही अटींवर मिळते. काँक्रीट तापमानानुसार आकुंचन-प्रसरण पावते. म्हणून रस्त्यात सुमारे साडेचार मीटरवर आडवे सांधे कापतात आणि त्यांत लवचिक भराव भरतात. हा भरावच रस्त्याचा पहारेकरी! ऊन, पाऊस आणि चाकांच्या माऱ्याने तो काही वर्षांत सुकतो, तडकतो, निघून जातो. मग सांध्यातून पाणी खाली झिरपते. अवजड वाहन जाताच स्लॅब दबतो आणि ते पाणी खालची बारीक माती घेऊन वर उसळते. हळूहळू स्लॅबखाली पोकळी होते, कोपरे तुटतात, एक स्लॅब दुसऱ्यापेक्षा खचतो. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईत ही प्रक्रिया किती वेगाने घडेल, हे सांगणे नको.

या विनाशाच्या प्रारंभी उपाय अत्यंत स्वस्त असतो. सांधा साफ करावा, जुना भराव काढून नवा भरावा. तेवढ्यावर न भागल्यास तुटलेल्या कडेपुरती दुरुस्ती होते, पोकळीत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरता येते, उंचसखल पृष्ठभाग घासून समतल करता येतो. परंतु प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून खर्चिक, आणि शेवटची पायरी म्हणजे संपूर्ण स्लॅब फोडून नवा घालणे. काँक्रीट फोडणे हे डांबर उखडण्याइतके सोपे नाही. नव्या काँक्रीटवर किमान दोन आठवडे पाणी मारावे लागते, तोवर वाहतूक बंद. दुकानदार, रुग्णवाहिका, शाळेची मुले या साऱ्यांनीच ती किंमत मोजायची.

दुसरा शत्रू म्हणजे चर. पाण्याची वाहिनी, वीज, गॅस, दूरध्वनी यांच्यासाठी तयार रस्ता कापला जातो आणि घाईने बुजवला जातो. नीट न दाबलेल्या त्या पट्टीपासूनच भेगांना सुरुवात होते. रस्ता बांधतानाच वाहिन्यांसाठी बाजूने मार्ग ठेवणे आणि सर्व संस्थांनी एकत्र बसून वेळापत्रक आखणे, हाच यावर उपाय.

यासाठी ज्ञानाची उणीव नाही. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशीतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. काँक्रीट रस्त्यांच्या देखभालीसाठी या संस्थेची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. २०२४ मध्ये महापालिकेने गुणवत्तेवर देखरेख ठेवण्यासाठी आयआयटी मुंबईची नियुक्ती केली, हेही उचित झाले. पण ही देखरेख बांधकामापुरती मर्यादित राहता कामा नये. प्रत्येक रस्त्याची नोंदवही असावी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर सांध्यांची तपासणी व्हावी आणि अंदाजपत्रकात देखभालीसाठी अन्यत्र न वळवता येणारी तरतूद असावी.

उणीव आहे ती दृष्टीची. नव्या रस्त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो, छायाचित्र छापून येते. सांधा भरणाऱ्या कामगाराचे छायाचित्र कोणी छापत नाही. नवनिर्मितीचे आकर्षण आणि जतनाचा कंटाळा हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुना दोष आहे. घराच्या गच्चीची भेग पहिल्या पावसाआधी बुजवणारे आपण, दारासमोरच्या रस्त्याची भेग मात्र 'सरकारी' मानतो. तो रस्ताही आपल्याच करातून झालेला आहे. गृहनिर्माण संस्थांनी आणि मंडळांनी आपल्या गल्लीतील उघडे सांधे व निकृष्ट चर यांची लेखी नोंद प्रभाग कार्यालयाकडे करावी, तिचा पाठपुरावा करावा आणि नगरसेवकाला 'नवीन काय केले?' याबरोबरच 'जुने काय राखले?' हेही विचारावे. हा प्रश्न ज्या दिवशी मतदार विचारू लागेल, त्या दिवसापासून काँक्रीट खऱ्या अर्थाने टिकू लागेल.