पाणमोट आणि गोळ्यांची पट्टी

आज 17 नोव्हेंबर, जागतिक अकालप्रसूती दिन. उद्यापासून 24 तारखेपर्यंत प्रतिजैविकांच्या जपून वापरासाठीचा जागतिक सप्ताह. हे दोन विषय गरोदर बाईच्या पिशवीतही शेजारी-शेजारी असतात. तपासणीच्या रांगेत ती माता-बाल संरक्षण कार्ड काढते आणि कार्डाच्या घडीतून अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी खाली पडते. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात पाणी गेले, बाळ हाती लागले नाही. म्हणून या खेपेला ‘इन्फेक्शन नको’ म्हणत गोळ्या आधीच सुरू. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो आणि घेणारीचे तर काळीजच पोळलेले असते.

तिची भीती खोटी नाही. बाळाभोवतीची पाणमोट म्हणजे पातळ पडदे. खालून वर चढलेल्या जंतूंमुळे तिथे दाह झाला, की पडद्यांना चिवटपणा देणारे कोलॅजेन झिजते आणि दिवस भरण्याआधीच पाणी सुटू शकते. 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांतली 30 लाखांच्या आसपास एकट्या भारतात. मग जंतू आधीच का मारू नयेत, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला.

त्यांनी तो तपासला. अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या, पण कसलाही त्रास नसलेल्या स्त्रियांना ब्रिटनमध्ये मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक देऊन पाहिले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या चाचणीत औषध घेतलेल्या गटातच अकाली प्रसूती जास्त झाल्या. त्याआधी, 2001 मध्ये, ‘ओरॅकल’ ही मोठी चाचणी झाली होती. तिच्या एका भागात वेळेआधी कळा सुरू झालेल्या, पण पाणमोट शाबूत असलेल्या सहा हजारांवर स्त्रिया होत्या. प्रतिजैविकांनी त्यांचे काहीच भले झाले नाही. खरा धक्का पुढे बसला. ती मुले सात वर्षांची झाल्यावर पाहिले, तर आईला एरिथ्रोमायसिन मिळालेल्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर येणाऱ्या अपंगत्वाचे, प्रमाण 3.3 टक्के निघाले आणि ते न मिळालेल्यांत 1.7 टक्के. ‘घेतल्या तर काय बिघडते’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

मात्र ‘ओरॅकल’च्याच दुसऱ्या भागात, जिथे पाणी वेळेआधी गेलेच होते, तिथे एरिथ्रोमायसिन बाळांच्या उपयोगी पडले. जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी ते द्यायलाच सांगते. त्याच भागात को-अमॉक्सिक्लॅव्हने बाळांच्या आतड्याचा गंभीर आजार वाढला. म्हणजे कोणते औषध, हेही तितकेच महत्त्वाचे. नागपूर आणि बेळगावच्या स्त्रियाही सहभागी असलेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीच्या कळांच्या वेळी दिलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने मातांमधला जंतुसंसर्ग कमी केला. लघवीत जंतू सापडले, तर जळजळ नसली तरी गरोदरपणात उपचार करावाच लागतो. पण त्यासाठी आधी ती लघवी तपासायला हवी.

नेमके तेच राहून जाते. सध्या ऊसतोडीचा हंगाम आहे. फडावर आडोसा नसतो, म्हणून बाया पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात; त्यांत दिवस गेलेल्याही असतात. बाटलीभर लघवीची तपासणी तिथवर पोहोचत नाही, गोळ्यांची पट्टी मात्र पोहोचते. याची लाज आरोग्य यंत्रणेला आणि कारखान्यांनाही वाटली पाहिजे.

घरोघरच्या सासवा, जावा आणि आशाताईंना आमची विनंती आहे. पहिल्या महिन्यांतच लघवीची तपासणी करून घ्या. जुनी किंवा शेजारणीची पट्टी तिला देऊ नका. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या असतील तर कशासाठी ते विचारा, परस्पर बंद करू नका. आणि अंगावरून पाणी गेल्याचा नुसता संशय आला, तरी कळांची वाट न पाहता तिला त्याच घटकेला रुग्णालयात न्या.