बांधावरची वाट आणि आंखलेली वाट

गेल्या महिन्यांतील एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर बीडच्या आमच्या घरांत, माजघरांतच, एक वाद रंगला. माझी पुतणी यंदा नववींत आहे. शाळेच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत तिचा पहिला क्रमांक आला, आणि तेव्हांपासून तिनें एकच हट्ट धरला आहे: "काका, मला आंखीव धांवपट्टीवर शिकायला पाठवा." तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, हें मुळींच पटत नाहीं. ते म्हणाले, "आपल्या जिल्ह्यांतल्या अविनाश साबळ्यांना लहानपणीं कोणती धांवपट्टी मिळाली होती? शाळेच्या वाटेनेंच त्यांना धांवायला शिकविलें. बांधावरून धांव, सगळें येईल." त्यावर वहिनी शांतपणें म्हणाल्या, "बांधावर तिला एकटी सोडणार कोण? पहांटेच्या अंधारांत ती गेली, तर दारांत येरझारा तुम्हीच घालाल." सर्वजण हंसले, पण निकाल लागला नाहीं. शेवटीं दादा मला म्हणाले, "तूं मासिकांत लिहितोस ना? मग यावरच लिही." तेव्हां वाचकहो, या महिन्याचा विषय मीं निवडलेला नाहीं, घरानें तो माझ्या पदरांत टाकला आहे.

ज्या शर्यतीनें साबळे यांचें नांव जगभर झालें, तिचाच इतिहास पाहिला तर हा वाद किती जुना आहे हें ध्यानांत येतें. त्या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वीं आयर्लंड-इंग्लंडकडील घोडेस्वार एका गांवच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवच्या मनोऱ्यापर्यंत पैज लावून जात. वाटेंत कुंपण येवो, दगडी गडगा येवो कीं ओढा येवो, तो ओलांडूनच पुढें जावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं घोड्यावरून उतरून तीच शर्यत स्वतःच्या पायांनीं सुरू केली. आज ती ३००० मीटरची आंखीव शर्यत आहे. तींत २८ वेळां अडथळा आणि ७ वेळां पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच असतो, स्त्रियांचा ७६.२. इतर अडथळ्यांच्या शर्यतींत पायाचा धक्का लागतांच चौकट आडवी होते. येथें मात्र जाड तुळई असते. ती पडत नाहीं, धांवणाराच पडतो. शेताचा बांध आणि त्यापलीकडचा ओढा उचलून क्रीडांगणांत आणून ठेवावा, तसाच हा प्रकार आहे.

मग बांध मोकळ्या रानांतून क्रीडांगणांत आणण्याची गरज कां पडली? न्यायासाठीं. रानांतील शर्यतींत नशिबाचा वांटा फार मोठा असतो. १९२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें मोकळ्या रानांतून शर्यत झाली. उन्हाचा कहर होता. ३८ जण निघाले, त्यांपैकीं १५ जण शेवटपर्यंत पोहोंचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण अनेकांची अवस्था पाहून ती शर्यत ऑलिंपिकमधून कायमची काढून टाकण्यांत आली. स्टीपलचेसचेंही असेंच. अडथळे सगळीकडे सारखे नसल्यामुळें १९५४ पर्यंत या शर्यतीचा जागतिक विक्रम अधिकृतपणें नोंदलाच जात नव्हता. ज्याला माप नाहीं त्याला विक्रम कोठून? आणि माप असूनही माणूस चुकतो! १९३२ सालीं लॉस एंजलिस येथें फेऱ्या मोजणाराकडून चूक झाली आणि सगळेजण एक फेरी जास्त धांवले. ३००० मीटरला जो अमेरिकन धांवपटु दुसरा होता, तो त्या जादा फेरींत तिसरा झाला.

या मापाचा उपयोग आपल्यालाही झाला आहे. गोपाळ सैनी यांनीं १९८१ सालीं टोकियो येथें ८ मिनिटें ३०.८८ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. तो ३७ वर्षें टिकला. २०१८ सालीं भुवनेश्वर येथें साबळे यांनीं ८ मिनिटें २९.८० सेकंदांत शर्यत संपवून तो मोडला. दोन देश, दोन पिढ्या. तरीही त्यांची तुलना होऊं शकली, ती वाट आंखलेली होती म्हणून. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत तर केनियाचा अब्राहम किबिवोत आणि साबळे यांच्यांत सेकंदाच्या शंभरांपैकीं अवघ्या पांच भागांचें अंतर राहिलें. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीचीं तिन्ही पदकें दर वेळीं केनियाचेच धांवपटु घरीं नेत. त्या रांगेंत बीडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा रौप्यपदक घेऊन उभा राहिला. हा सूक्ष्म हिशेब बालाघाटच्या पायवाटेवर कोणी मांडला असता?

आतां दादांची बाजू. साबळे यांचा जन्म १९९४ सालीं आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवीं झाला. वाहनाची सोय नसल्यानें शाळेसाठीं सुमारें सहा किलोमीटरची वाट त्यांना चालून-धांवून तुडवावी लागे. आमच्या बाजूच्या वाटा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको: कोठें मुरूम, कोठें ढेकळें, कोठें बाभळीचा कांटा, तर कोठें कोरड्या नाल्याचा उतार. आंखलेल्या पट्टीवर प्रत्येक पाऊल सारखें पडतें. बांधावर प्रत्येक पावलाचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. घोटा, नजर आणि तोल यांना ही शिकवणी मिळते. स्टीपलचेसमध्यें ती अगदीं नेमकी उपयोगीं पडते, कारण घोळक्यांत धांवतांना पुढचा अडथळा दिसेपर्यंत तो पुढ्यांत आलेला असतो, आणि वेग न मोडतां पाऊल लांब किंवा आखूड करावें लागतें. २०१९ सालीं दोहा येथें प्राथमिक फेरींत दुसऱ्या धांवपटूंमुळें साबळे यांची वाट अडली. भारताची तक्रार मान्य होऊन त्यांना अंतिम फेरी मिळाली, आणि तेथें त्यांनीं ८ मिनिटें २१.३७ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम केला. आंखलेल्या वाटेवरही रान असें अवचित येऊन उभें राहतें.

येथपर्यंत दादा बरोबर आहेत. चुकतात ते पुढच्या पायरीवर. त्याच वाटेनें शाळेला जाणारीं इतर मुलें कोठें आहेत? वाटच जर गुरु असती, तर मराठवाड्यांतल्या प्रत्येक खेड्याला एकेक पदक मिळालें असतें. बारावीनंतर साबळे महार रेजिमेंटमध्यें गेले. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम येथें नोकरी झाली. २०१५ नंतर सैन्याच्या मोकळ्या रानांतील शर्यतींतून ते पुढें आले, आणि २०१७ सालीं प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्यामुळें स्टीपलचेसकडे वळले. पुढें अमेरिकेंतील कोलोरॅडोच्या उंच प्रदेशांतही त्यांचा सराव झाला. म्हणजे शाळेची वाट आणि २०२३ सालचें हांगचौ येथील आशियाई सुवर्णपदक यांच्यामध्यें आहार, विश्रांति, शिस्त, वैद्य आणि जाणता शिक्षक एवढें सगळें उभें आहे. आपण वडीलधारीं माणसें मुलांना "आम्ही कोसभर चालत शाळेला जात होतों" असें अभिमानानें सांगतों. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु कष्ट आपोआप शिकवितात असें मानून आपण शिकविण्याची जबाबदारी कष्टांवर टाकतों, हें बरें नव्हे.

साबळे यांनीं सियाचीनचें बर्फ पाहिलें. त्या बर्फाच्या खेळांतही हाच वाद आहे. पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरतांना अनेक माणसें एकाच जागीं वळतात, आणि तेथें बर्फाचे उंचवटे तयार होतात. तिकडे त्यांना 'मोगल' म्हणतात. आपल्या इतिहासांतील मोगलांशीं त्यांचा संबंध नाहीं. डोंगरावर आपोआप झालेले दोन उंचवटे कधीं सारखे नसतात. १९९२ सालीं हा खेळ ऑलिंपिकमध्यें पदकासाठीं आला तो मात्र बांधलेल्या, मोजलेल्या उतारावर. डोंगरावरचे रसिक म्हणतात, "ही खरी कसोटी नव्हे", परीक्षक म्हणतात, "याशिवाय निवाडा होणार नाहीं." दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलतात. एक वाट माणूस घडविते, दुसरी त्याचें मोल ठरविते.

वहिनींचा मुद्दा मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. रानवाट सर्वांना सारखीच मोकळी आहे, हें पुरुषांचें म्हणणें झालें. सातारा जिल्ह्यांतील माण तालुकाही आमच्या आष्टीसारखाच अवर्षणाचा. तेथील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकमध्यें याच शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवल्या आणि दहाव्या आल्या. स्त्रियांसाठीं ही शर्यत ऑलिंपिकमध्यें आली तीच मुळीं २००८ सालीं. मुलीला रान द्यावयाचें तर घरांतील कोणीतरी सोबतीला उठलें पाहिजे. आणि तें जमत नसेल, तर चार माणसांच्या नजरेसमोरचें आंखीव क्रीडांगण ही चैन नव्हे, तिच्यासाठीं तोच एक उघडा दरवाजा आहे.

आमच्या घरचा निकाल असा लागला: आठवड्यांतून चार दिवस दादांनीं तिच्याबरोबर पहांटे गांवाबाहेरच्या माळावर जावयाचें, आणि रविवारीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं आंखलेल्या क्रीडांगणावर. दादा कित्येक वर्षांनीं पहांटे उठूं लागले आहेत. परवां त्यांनीं घड्याळ लावून तिचा वेळ घेतला आणि मोठ्या कौतुकानें सर्वांना सांगितला. आजींनीं सहज विचारलें, "पण ती धांवली किती लांब?" दादा माळाच्या त्या वळणाचा, त्या बांधाचा हिशेब करूं लागले, आणि त्यांना कांहीं तो जुळेना. पुतणी हंसून एवढेंच म्हणाली, "रविवारीं मोजूं, बाबा."