विश्लेषण : पुणे विद्यापीठ क्रमवारीत का घसरले?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ‘एनआयआरएफ’ या राष्ट्रीय क्रमवारीत २०२५ मध्ये एकाच वर्षात ५४ स्थानांनी खाली आले. शेकडो महाविद्यालयांचा कारभार पाहणाऱ्या या विद्यापीठाचे नेमके दुखणे काय?

घसरण किती?

सर्वसाधारण गटात २०२४ मध्ये ३७ वे असलेले विद्यापीठ सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ९१ व्या स्थानी गेले. विद्यापीठांच्या गटात ते २३ वरून ५६ वर, तर राज्य विद्यापीठांच्या गटात तिसऱ्यावरून ११ व्या क्रमांकावर आले. ही घसरण अचानक झालेली नाही. विद्यापीठांच्या गटात २०२२ मध्ये १२ वा, २०२३ मध्ये १९ वा आणि २०२४ मध्ये २३ वा अशी उतरंड आधीपासून सुरू होती.

विद्यापीठाचा पसारा केवढा?

१० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे जुने निवासस्थान आणि ४०० एकरांहून मोठे आवार त्याला मिळाले. सुरुवातीला १२ जिल्हे आणि १८ महाविद्यालये होती. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हे उरले. जिल्हे कमी झाले, पण संलग्न महाविद्यालये शेकड्यांत आणि विद्यार्थी लाखांत गेले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

गुण कशाला मिळतात?

‘एनआयआरएफ’मध्ये अध्यापन व साधनसुविधांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवी व रोजगाराच्या निकालांना २० टक्के, तर सर्वसमावेशकता आणि लौकिक यांना प्रत्येकी १० टक्के वजन आहे. म्हणजे ६० टक्के गुणांचा थेट संबंध पूर्णवेळ प्राध्यापकांशी येतो. पुणे विद्यापीठात मंजूर प्राध्यापक पदांपैकी निम्म्याहून अधिक रिक्त आहेत.

रिक्त पदांमुळे संशोधन कसे अडते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक कायम सेवेतील असावा लागतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे प्राध्यापकाचे एक पद रिकामे राहिले की पीएचडीच्या आठ जागा जातात. कंत्राटी शिक्षक तास घेऊन अभ्यासक्रम पूर्ण करतात, पण या जागा त्यांना भरून काढता येत नाहीत. विद्यार्थी घटले की शोधनिबंध आणि प्रकल्पही घटतात.

आवारातील नामवंत संस्थांचे काय?

डॉ. जयंत नारळीकर यांनी उभी केलेली ‘आयुका’ याच आवारात आहे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण चालवणारे ‘एनसीआरए’ आणि पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्रही येथेच आहे. मात्र या स्वतंत्र संस्था आहेत. त्यांचा निधी आणि पदभरती वेगळी, त्यामुळे त्यांच्या संशोधनाचे श्रेयही विद्यापीठाच्या खात्यात जमा होत नाही. कुंपण एकच असले तरी हिशेब वेगळे आहेत.

संलग्नतेचा भार किती?

परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, निकाल, अभ्यासक्रम, महाविद्यालयांची मान्यता ही कामे वर्षभर चालतात. परीक्षा आणि संलग्नता शुल्क हा विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा आधार असल्याने ती सहज सोडताही येत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. शहरातील मोठी महाविद्यालये त्या वाटेवर आहेत. सिन्नर किंवा कोपरगावच्या लहान महाविद्यालयाला मात्र स्वतःची परीक्षा यंत्रणा उभारणे जड जाते. भार हलका झाला, तरी तो पूर्ण उतरणार नाही.

पुढे काय?

पदे भरण्यासाठी राज्य सरकारची मंजुरी, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी आणि निवड समित्या असे टप्पे पार करावे लागतात. एका टप्प्यावर फाईल थांबली की वर्ष निघून जाते. आज भरती झाली तरी नव्या प्राध्यापकाचा पहिला पीएचडी विद्यार्थी बाहेर पडायला किमान तीन वर्षे लागतील. सार्वजनिक विद्यापीठाची गुणवत्ता घसरली, तर सधन घरातील मुले खासगी विद्यापीठात किंवा परदेशात जातात. कमी शुल्कात संशोधनापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याला तो पर्याय नसतो. क्रमवारीतील आकड्यापेक्षा ही किंमत मोठी आहे.