रावणाने हात जोडले!

काय दोस्तांनो, गॅदरिंगच्या नाटकात राम व्हायला दहा जण आणि रावण व्हायला कुणीच नाही, असंच ना? "नंतर वर्षभर सगळे चिडवतात," असं एका दोस्ताने पत्रात कळवलंय. त्याचं दुःख खरं आहे, बरं का!

१९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. रस्ते ओस पडायचे. (आई-बाबांना विचारा!) त्यातला गडगडाटी हसणारा रावण म्हणजे अरविंद त्रिवेदी, गुजराती नाटक-सिनेमातले कसलेले नट. आणि गृहस्थ घरी पक्के रामभक्त! मुळात ते गेले होते केवटाच्या, म्हणजे रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याच्या कामासाठी. रामानंद सागरांनी त्यांना थेट लंकेच्या गादीवर बसवलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मालिका पुन्हा लागली. ८१ वर्षांचे त्रिवेदी घरी टीव्हीसमोर बसले होते. सीताहरणाचा प्रसंग आला. पडद्यावर रावण सीतेला पळवतोय आणि समोर बसलेला थकलेला रावण चक्क हात जोडतोय! तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. पुढच्याच वर्षी ते गेले.

तर मग, पुठ्ठ्याची दहा डोकी कोण बनवतंय?