जाळीचा दिवा आणि मजुराचा जीव

सुरक्षिततेचे साधन विकत आणले की आपली जबाबदारी संपली, असे बरेच कारखानदार समजतात. अशा बंधूंनी इंग्लंडच्या कोळसा खाणीतील दिव्याची हकीकत ध्यानात घ्यावी.

१८१२ साली उत्तर इंग्लंडमधील फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले दगावली. खाणीत साचणारा मिथेन वायू उघड्या ज्योतीने पेट घेई. त्यावर उपाय म्हणून १८१५ साली शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली. आपल्या कापडवाल्यांना ती लगेच समजेल. उभ्या-आडव्या तारा इंचाला २८, म्हणजे चौरस इंचात ७८४ छिद्रे. ज्योतीची उष्णता तारा शोषून घेत, त्यामुळे बाहेरचा वायू पेटत नसे. डेव्हींनी पेटंटही घेतले नाही. हेतू नेक होता, यात शंका नाही.

पण दिव्यात उणिवा होत्या. उजेड मेणबत्तीपेक्षाही कमी. एखादी तार तुटली किंवा गंजली की भरवसा संपला. वायू जास्त असला की तो जाळीच्या आतच जळे, तारा लालबुंद होत, आणि हवेचा जोरदार झोत आला की ज्योत बाहेर पडे. मजुरी कोळशाच्या मापावर होती. अंधारात माल कमी निघे, म्हणून कित्येक मजूर जाळी काढून काम करीत. त्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे, पण पोटाचा हिशेब कोण करणार?

मालकांनी तर दिव्याच्या भरवशावर पूर्वी धोक्याचे म्हणून सोडून दिलेले भाग पुन्हा खोदायला घेतले. १८३५ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने आकडे मांडले. डरहॅम व नॉर्थंबरलँड भागात दिवा येण्यापूर्वीच्या १८ वर्षांत ४४७ मृत्यू, नंतरच्या १८ वर्षांत ५३८. खाणी खोल गेल्या, मजूरही वाढले, हे कबूल. तरी दिव्याने जो दिलासा द्यायचा तो मिळाला नाही, हे उघड आहे.

खरी गरज खेळत्या हवेची होती. ती खर्चाची बाब, दिवा स्वस्त.

आपल्याकडेही नगावर मजुरी देणारे कारखाने पुष्कळ आहेत. जे साधन वापरल्याने कारीगराची कमाई घटते, ते तो बाजूला ठेवणारच. म्हणून साधन देताना त्याची रोजी बुडणार नाही, हेही मालकानेच पाहावे. आणि साधन आले म्हणून जोखीम वाढवू नये. नफा मालकाचा, तर जोखमीचा खर्चही मालकाचाच, हाच सरळ व्यवहार आहे.